निवृत्तीदादाची जीप

आमच्या निवृत्तीदादाला गाडी चालवता येत नाही. स्कूटरवर मागे बसला तरी पुढच्याचा खांदा घट्ट धरून बसतो. पण एक काळ असा होता, की सिडकोतल्या आमच्या गल्लीत तुम्ही कुणालाही विचारा, नाशकात जीप सगळ्यात भारी कोण चालवतं? शेंबडं पोरही सांगायचं, निवृत्तीभाऊ!

ती जीप काचेमागची. व्हिडिओ गेममधली. आणि मी त्याची धाकटी बहीण संध्या. शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि त्याच्या गेमच्या दुकानात स्टुलावर बसून पोरांना कॉइन द्यायचं, हे माझं काम. आता मी स्वतः शाळेत शिकवते, पण खरं सांगू? पोरांना दटावायचं शिक्षण मी त्या स्टुलावरच घेतलं. डीएडला नुसतं सर्टिफिकेट मिळालं.

आम्ही मूळचे निफाडकडचे. वडील अंबडला कंपनीत लागले म्हणून सिडकोत आलो. दादाचं आयटीआय झालं, वायरमनचं, आणि तोही त्याच कंपनीत चिकटला. दोन वर्षं होतात न होतात तोच कंपनीला टाळं लागलं. दुसरा कुणी असता तर दुसऱ्या कंपनीच्या गेटावर जाऊन उभा राहिला असता. आमचा हा बाबा मुंबईला गेला आणि येताना टेम्पोत घालून एक माणसाच्या उंचीचं लाकडी कपाट घेऊन आला. वरती पडदा, खाली एक दांडी, दांडीशेजारी लाल बटण आणि पोटात कॉइन टाकायची फट. आईनं ते पाहिलं आणि डोक्याला हात लावला. म्हणाली, "देवाचं कपाट तरी आणायचं होतंस!"

कसारा घाटात टेम्पोनं असे काही आचके खाल्ले होते, की दांडी निखळून हातात आली होती. दादानं ती स्वतः बसवली. दिवसभर ओसरीवर उताणा पडून, तोंडात स्क्रू धरून. त्या दांडीचा त्याला पुढं किती अभिमान होता म्हणून सांगू! नवं गिऱ्हाईक आलं की आधी म्हणायचा, "दांडी मी बसवलीय, बिनधास्त ओढ, काही होत नाही."

गेमचं खरं नाव आम्हाला आजपर्यंत माहीत नाही. पडद्यावर सगळी जपानी अक्षरं. डोंगरातला रस्ता, त्यावर एक हिरवी जीप, वरून दगड येतायत, मध्येच पूल तुटतोय, आणि सगळ्यात शेवटी डोंगरावर एक झेंडा. आम्ही त्याला 'जीप'च म्हणायचो. पहिल्या वळणाचं नाव पोरांनी ठेवलं होतं 'द्वारका', कारण खऱ्या द्वारका चौकासारखं तिथंही येणारा प्रत्येक जण अडकायचा. पुढं पुलाचा 'कसारा', मग दगडांचा पाऊस पडायचा तो 'सुरगाणा', आणि झेंड्याचा डोंगर म्हणजे 'चांदवड'. आमच्या भूगोलाच्या बाईंनी हा रस्ता ऐकला असता तर सगळ्यांना अंगठे धरून उभं केलं असतं.

दादाचे नियम कडक. शाळेच्या युनिफॉर्मवर आलात तर कॉइन मिळणार नाही. वार्षिक परीक्षेच्या महिन्यात शटर खाली. शिवी दिली की दिवसभर बाहेर. हे सगळं तो आवाज न चढवता सांगायचा. आवाज चढवायला मी होतेच की!

आणखी एक नियम होता, तो दादानं केला नव्हता. तो कसा पडला कुणास ठाऊक. आया पोरांना ओढून न्यायला यायच्या. रोज. कुणी कानाला धरायचं, कुणी केसाला. पण पोराची जीप चालू असेल तर आईसुद्धा दारात थांबायची. "चालू लाइफ संपू दे," असं म्हणायचं आणि थांबायचं. जीप फुटली रे फुटली की मग धपाटा! पण चालू लाइफमधून पोराला उठवलं असं आमच्या दुकानात कधी झालं नाही. धोंडाबाई म्हणून मागच्या गल्लीतल्या, त्या तर हातात लाटणं घेऊनच यायच्या. त्यांचा अमोल आमचं सगळ्यात पट्टीचं गिऱ्हाईक. लाटणं पाठीशी टेकवून उभ्या राहायच्या आणि तोंडानं दादाचा उद्धार चालू. "निवृत्त्या, पोरं बिघडवली रे तू गल्लीची! तुझं वाटोळं व्हईल!" दादा खाली मान घालून पिवळ्या फडक्यानं काच पुसत राहायचा.

ह्या शिव्या त्यानं फार खाल्ल्या. लग्नाच्या वेळी तर कहरच. मुलीचे वडील विचारायचे, मुलगा काय करतो? आमचे वडील सांगायचे, व्यवसाय आहे. कसला? मग वडिलांना ठसका लागायचा. पाच-सहा ठिकाणांहून पोहे खाऊन परत आलो. शेवटी सिन्नरच्या वहिनींनी हो म्हटलं, तेही त्यांना वाटलं होतं व्हिडिओ कॅसेटचं दुकान आहे म्हणून.

पण आमच्या गल्लीचा नाशकात दरारा होता, हेही तितकंच खरं. बाहेरचा कुणी मायचा लाल आमच्या मशीनवर टिकत नसे. सिन्नरचा एक पोरगा आला होता. त्याच्या मामाचं तिकडं स्टँडजवळ पार्लर, तिथंही हीच जीप. झेंड्यापर्यंत डोळे मिटून जातो म्हणे. कॉलर वर करून बसला आणि द्वारकेलाच तीनदा भिंतीवर आपटला. उठला तो तोंड लपवून. मग अमोलनं झेंडा गाठून दाखवला आणि आम्ही त्याला खांद्यावर घेऊन गल्लीत मिरवणूक काढली. तोच अमोल दिवाळीत मावशीकडं मुंबईला गेला, तिथं हीच जीप खेळला आणि परत आला तो हिरमुसलेला. म्हणाला, "तिकडचं मशीन बिघडलंय. नीट चालतच नाही." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मुंबईच्या मालावर काय भरवसा ठेवायचा! आमचं मशीन फक्त आमच्या माणसांचं ऐकतं, असं आम्ही अभिमानानं सांगायचो.

मग सायबर कॅफे आले, मग मोबाइल. पोरं कमी झाली. शेवटी दादानं मशीन कोपऱ्यात सरकवलं, त्यावर आईची जुनी गोधडी टाकली आणि त्याच गाळ्यात पंखे-मिक्सर दुरुस्तीला बसला. हातात कला होती, बरं चाललं. पण दर दसऱ्याला, लोक आपापल्या अवजारांची पूजा करतात ना, तेव्हा हा गोधडी काढायचा, काच पुसायचा, मशीनला झेंडूची माळ घालायचा, हळदकुंकू लावायचा आणि एकच डाव खेळायचा. झेंड्यापर्यंत जायचं, बटण बंद करायचं, गोधडी टाकायची. त्या वेळी दुकानात फक्त तो आणि मी. वर्षानुवर्षं.

आता रोहितचं सांगते. रोहित दादाचा मुलगा. पोरगा गुणी आहे, माझा भाचा आहे म्हणून म्हणत नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि यंदा म्हणाला, पप्पा, आता तुम्ही आराम करा, मी ह्या गाळ्यात गेमिंग झोन काढतो. नवीन कॉम्प्युटर, नवीन खुर्च्या, एसी. दादाला इतका आनंद झाला, की त्यानं स्वतः भिंतीला रंग दिला. पण जागा मोजायला बसले आणि गाडी कोपऱ्यावर येऊन अडली. कोपऱ्यात मशीन.

"पप्पा, एक बोलू? रागावणार नाही ना?" रोहित म्हणाला. "जुने गेम आठवणीतच चांगले असतात. परत खेळायला बसलं की पाच मिनिटांत कंटाळा येतो. मी करून बघितलंय. लहानपणीचा मोबाइलवरचा गेम परत टाकला, तर वाटलं, ह्याच्यासाठी मी जेवण सोडायचो?"

माझं डोकंच सणकलं. "तुझ्या मोबाइलची आणि ह्याची बरोबरी करू नकोस हं! ह्याच मशीननं तुला खाऊ घातलंय!"

"आत्या, मी उपकार नाकारत नाहीये. मी मजेबद्दल बोलतोय."

दादानं हातातला टेप गुंडाळून ठेवला. मग म्हणाला, "दसऱ्याला उद्घाटन आहे ना तुझं? त्या दिवशी नव्याबरोबर हेही चालू ठेव. ज्याला वाटेल तो खेळेल. दिवसभरात कुणी रमलं, तर राहू दे कोपऱ्यात. नाही रमलं, तर चिमाजीला टेम्पो घेऊन बोलव." चिमाजी म्हणजे आमच्याकडचा भंगारवाला.

रोहित गेल्यावर मी दादाला चांगलंच फैलावर घेतलं. कशाला असली पैज लावायची? तुझं दुकान, तुझं मशीन!

तो म्हणाला, "संधे, मला स्वतःलाच बघायचंय. उभं आयुष्य लोकांनी ऐकवलं, पोरांचा वेळ खाल्लास. बरं, खाल्ला. पण त्याच्या बदल्यात पोरांना दिली ती वस्तू चांगली होती का नव्हती, एवढं तरी कळू दे."

मी उठले आणि भांडी घासायला गेले.

दसऱ्याच्या सकाळी गाळा काय दिसत होता! दारात रांगोळी, आंब्याचं तोरण, आत लालभडक खुर्च्या आणि कॉम्प्युटरला निळे-जांभळे दिवे. आणि कोपऱ्यात आमचं म्हातारं, झेंडूची माळ घालून उभं. रोहितनं त्याला आतून-बाहेरून पुसलं होतं, तेलपाणी केलं होतं. दादा आदल्या दिवशी बाजारात फुलं आणायला गेला तेव्हा हे सगळं गुपचूप उरकलं, असं वहिनी कौतुकानं सांगत होत्या. मलाही बरं वाटलं. म्हटलं, पोराला माया आहे.

जुनी पोरं आली. पोरं कसली, बाप्ये! कुणाचं टक्कल, कुणाचं पोट. अमोल आता बँकेत मॅनेजर आहे, तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. सगळे मशीनभोवती जमले, "आयला, अजून आहे का हे!" करत दांडीवरून हात फिरवायला लागले. रोहितच्या ओळखीची कॉलेजची पोरंपोरी पण होती, ती नव्या खुर्च्यांवर.

पूजा झाली, नारळ फुटला. पहिला डाव दादाचा, हे तर ठरलेलंच. त्यानं हात पुसले, कॉइन टाकलं, दांडी धरली.

आणि द्वारकेलाच भिंतीवर आपटला.

कुणीतरी हसलं. दादाही हसला. दुसरी लाइफ, परत भिंत. तिसरी तर सुरू होताच खड्ड्यात. दादा बाजूला झाला. दर दसऱ्याला झेंड्यापर्यंत जाणारा माझा भाऊ! म्हटलं, वय झालं का ह्याचं एकदम?

मग अमोल बसला. धाड, धाड, धाड. त्याच्यामागून आणखी दोघं. तीच गत. हळूहळू हसणं थांबलं. अमोल खांदे उडवून म्हणाला, "खरं सांगू का निवृत्तीभाऊ? गेम तसा साधाच आहे. आपण लहान होतो ना, म्हणून मजा यायची." वाईट बोलायचं म्हणून नाही बोलला तो, पण दादाच्या चेहऱ्याकडं मला बघवेना. बाकीचे पेढे खायला वळले. दादानं मशीनच्या गळ्यातली माळ हळूच काढली, घडी घातली आणि रोहितला म्हणाला, "चिमाजीला फोन कर. चार वाजता ये म्हणावं."

रोहितचं तोंड उतरलेलं. जिंकूनही पोरगा हरल्यासारखा उभा. "पप्पा, राहू दे ना एक दिवस," असं काहीतरी पुटपुटला. पण दादा शब्दाचा पक्का. स्वतःच नंबर लावून दिला.

मी तिथंच स्टूल ओढून बसले. मला असा संताप आला होता, की कुणावर काढावा तेच कळेना. तेवढ्यात रोहितच्या मैत्रिणींपैकी एक पुढं आली. सृष्टी तिचं नाव, इंजिनिअरिंगला आहे, असली कपाटं तिनं जन्मात पाहिली नव्हती. म्हणाली, "काका, मी ट्राय करू?" दादा म्हणाला, कर की बाळ.

तिनं दांडी धरली आणि जीप पहिलं वळण घेऊन पुढं गेली. कसारा. तोही गेला. सृष्टीनं जांभई दिली हो, चक्क जांभई! "सोप्पंय एकदम," म्हणाली आणि मध्येच सोडून उठली.

मी स्टुलावरून ताडकन उभी राहिले.

आमच्या मशीनवर बाहेरच्या माणसानं द्वारका पार केली? पहिल्या झटक्यात? अरे, सिन्नरचा तो मामाचा लाडका झोपला होता तिथं! इतक्या वर्षांत मी स्टुलावर बसून बघितलंय, आमच्या गल्लीचं नाही ते पोर पहिल्या वळणाला मरतंच. आणि आज गल्लीतले मरतायत आणि ही पोरगी जांभई देतेय?

"रोहित्या!" मी अशी ओरडले, की रस्त्यावरचं कुत्रं उठून गेलं. "काय केलंस तू मशीनला?"

"काही नाही आत्या! साफ केलं, तेल दिलं..." तो चाचरला. "आणि ते... दांडी उलटी बसवलेली होती ना, ती सरळ केली. दांडीच्या बुडाशी बाण असतो, तो वरच्या बाजूला पाहिजे. हा खालच्या बाजूला होता. पप्पांना सरप्राइज द्यावं म्हटलं."

सगळे दादाकडं बघायला लागले, दादा दांडीकडं.

"उलटी म्हणजे?" अमोलनं विचारलं.

"म्हणजे डावीकडं दाबलं की जीप उजवीकडं जायची. वर दाबलं की खाली. तुम्हाला माहीत नव्हतं?"

माहीत? कुणाला? गल्लीत आलेलं ते पहिलं मशीन. दादा त्याच्यावरच शिकला, मी त्याच्यावरच शिकले, अख्खी गल्ली त्याच्यावरच शिकली. डावीकडं दाबलं की उजवीकडं जायचं, जीप अशीच असते, त्यात विचारायचं काय? कसाऱ्याच्या आचक्यानंतर आमच्या वायरमननं उताणं पडून, तोंडात स्क्रू धरून दांडी बसवली ती उलटी, आणि गल्लीच्या पोरांचे हात त्या उलट्या दांडीला वळले ते कायमचेच.

अमोलनं कपाळावर हात मारला. "म्हणजे मुंबईचं मशीन बिघडलेलं नव्हतं!"

"आपलं बिघडलेलं होतं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आणि तो सिन्नरचा! बिच्चारा!"

असा हशा पिकला म्हणून सांगू! बँकेचा मॅनेजर लालभडक खुर्चीवर कोसळून पोट धरून हसतोय. वहिनींच्या हातातलं पेढ्याचं ताट हिंदकळतंय. दादा मात्र कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला होता. "मीच बसवली होती," एवढंच म्हणाला. "बिनधास्त ओढ म्हणायचो मी सगळ्यांना."

मी म्हटलं, "लाजतोस कशाला? स्क्रू-ड्रायव्हर आण!"

रोहितनंच आणला. गुडघ्यावर बसून त्यानं दांडी खोलली, फिरवली, बाण खाली केला. बापाची चूक मुलानं परत जागेवर बसवली आणि स्क्रू आवळले. दादानं हात पुसले. यंदाच्या दसऱ्याला त्याचा दुसरा डाव.

ह्या वेळी जीप द्वारकेला अशी वळली, की जणू घराकडंच निघालीय. मागून एकच आरोळी उठली. कसारा! पूल तुटायच्या आत हा पलीकडं. सुरगाणा! वरून दगड पडतायत आणि दादाचं मनगट नुसतं हलतंय, खांदा स्थिर, नजर पुढं. माझा शांत भाऊ दात-ओठ खात होता आणि त्याला ते कळतही नव्हतं. चांदवडला जीप डोंगरावर चढली, झेंड्याला लागली आणि तो टुणटुण आवाज आला ना, तेव्हा आमचे टकले आणि पोटवाले एकमेकांच्या गळ्यात पडून नाचले. मी पण नाचले. मास्तरीण असले म्हणून काय झालं!

मग अमोल बसला आणि थेट सुरगाण्यापर्यंत गेला. हात विसरले नव्हते. "अरे, तीच मजा आहे रे! तीच!" असं ओरडत होता. त्याला मघाचं त्याचं वाक्य मी लगेच ऐकवलं, सोडते की काय?

पण मला माहीत होतं, रोहितच्या मनात काय आहे ते. हे सगळे जुने खेळाडू, ह्यांना आठवणींचा कढ आलाय, त्यात काय मोठंसं? म्हणून मी सृष्टीला दंडाला धरून परत आणलं. "आता खेळ बघू. सोप्पंय ना एकदम?"

बसली. द्वारकेला भिंतीवर. "अरे!" परत भिंतीवर. "अरे, हे माझं ऐकतच नाहीये!" ती दांडी एकीकडं दाबते आणि स्वतः दुसरीकडं वाकते. तिच्या मैत्रिणी नव्या खुर्च्यांवरून उठून आल्या. "मी बघते, हो बाजूला." तीही आपटली. मग तिसरी. चिडतायत, किंचाळतायत, एकमेकींना ढकलतायत, पण उठायला कुणी तयार नाही. दादा शेजारी उभा राहून सांगतोय, "हात सैल सोड. डोक्यानं नको चालवू, मनगटाला शिकू दे." कितीतरी वेळानं सृष्टीच्या जीपनं द्वारका पार केली आणि ती पोरगी अशी किंचाळली, की समोरचा किराणावाला काय झालं म्हणून धावत आला. मग तोही रांगेत उभा राहिला.

मी रोहितला कोपरानं ढोसलं. "हिला कसली आठवण आहे रे? हिनं तर हे कपाट आज पाहिलं."

रोहित हसला. "मान्य आत्या, मान्य. गप्प बसा आता, माझा नंबर येऊ द्या."

रांग दाराबाहेर गेली. आत एसी, निळे-जांभळे दिवे, नव्या कोऱ्या खुर्च्या, आणि सगळी गर्दी कोपऱ्यात. नवे कॉम्प्युटर पण चालले बरं का, ज्यांचा नंबर लांब होता ते तिथं बसत होते. रोहित स्वतः तीनदा आपटला, तोंडानं नको नको ते बोलला, आणि दादानं त्याला नियमाप्रमाणे दाराबाहेर काढलं. नवीन दुकानाच्या मालकाला! सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

चार वाजता चिमाजीचा टेम्पो दारात. "निवृत्तीभाऊ, कुठंय माल? उचलू?"

दादा काही बोलायच्या आत बाहेर काढलेला रोहितच मोठ्यानं म्हणाला, "चिमाजीकाका, माल बिल काही नाही. खेळायचं असेल तर रांग तिकडून आहे." चिमाजीनं आत डोकावून बघितलं. टेम्पो बंद केला आणि गेला की रांगेत!

दादा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. हातात सकाळची झेंडूची माळ होती, ती त्यानं पुन्हा मशीनला घातली. मी विचारलं, "कळलं का, वस्तू चांगली होती का नव्हती?" तर नाक पुसायला लागला.

अमोलचा दुसरा नंबर आला तेव्हा उन्हं उतरली होती. शर्टाची इस्त्री केव्हाच गेलेली. त्याची जीप कसाऱ्यात असतानाच दारात काठी आपटल्याचा आवाज झाला.

"अमल्या!"

धोंडाबाई! लाटण्याच्या जागी आता काठी आली होती, कंबर वाकली होती, पण आवाज तोच. "अमल्या, ऊठ तिथनं! घरी पाव्हणे सोनं द्यायला येऊन बसलेत आन् तू हितं मुतऱ्या पोरांसारखा खेळत बसलाय व्हय? आन् निवृत्त्या, तुला काय लाज हाय का नाय? इतकी वर्षं झाली, अजून माझं पोरगं बिघडवतोच हाय तू! तुझं वाटोळं व्हईल!"

मी दादाकडं पाहिलं. त्याला इतक्या वर्षांत कुणी अशा शिव्या घातल्या नव्हत्या. पंखे-मिक्सरवाल्याला कोण घालतं? त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता, सगळे दात दिसतील एवढा. पुढं जाऊन त्यानं धोंडाबाईंच्या हातावर आपट्याची पानं ठेवली, पायाला हात लावला आणि म्हणाला, "मावशी, चालू लाइफ आहे त्याची."

धोंडाबाईंनी मान वर केली, डोळे बारीक करून पडद्याकडं पाहिलं. "कितवी?"

"शेवटची."

"मंग संपू दे," म्हणाल्या आणि काठी पाठीशी टेकवून दारात उभ्या राहिल्या.

रोहितनं धावत जाऊन एक लालभडक नवी खुर्ची आणली. धोंडाबाई आधी नाय नाय करत होत्या, मग टेकल्या. पाव्हणे घरी वाट बघत होते, चिमाजीचा टेम्पो रस्ता अडवून उभा होता, त्याच्यामागं हॉर्न वाजत होते, आणि अमोलची जीप काही केल्या फुटत नव्हती. सुरगाण्याच्या घाटात शिरली तशा धोंडाबाई खुर्चीच्या टोकावर आल्या.

"आरं दगड! दगड येतोय मोठा!" त्या काठी उगारून ओरडल्या. "उजवीकडं घे, अमल्या, उजवीकडं!"

अमोलनं दांडी डावीकडं दाबली.